नाव काय घेऊन बसलात?

आज सकाळी आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक कॉमिक आलं. ठाणे स्टेशनचा पूल, पावसाळी गर्दी, चार चौकटी. खालची पट्टी कापलेली, म्हणजे चित्रकर्तीची सही गेली. सहीबरोबर शेवटच्या चौकटीतल्या काकूंचे पायही गेले. सगळी गंमत त्या पायांत होती: एकात चप्पल, दुसरा अनवाणी! मी विचारलं, तर उत्तर आलं, 'नाव काय घेऊन बसलात? पोचलं ना लोकांपर्यंत?'

डोकंच फिरलं. चार चौकटी म्हणजे दहा मिनिटांचं काम वाटतं का? आधी संवाद, मग अंगठ्याएवढी कच्ची चित्रं, मग संवादांचे फुगे. हो, फुगे चित्राआधी! मराठीत वेलांटी-मात्रा वर जातात, उकार खाली. ओळींत मोकळी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. आणि फुगा शेवटी टाकला की कुणाच्या तरी डोक्यावरच बसतो. त्यानंतर पेन्सिल, शाई, सपाट रंग, सावल्या. 1080 बाय 1350 पिक्सेलच्या चित्रात अक्षर 40 पिक्सेलच्या खाली गेलं की लोकलमध्ये उभ्याने वाचणं कठीण. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची सोय चालू करायची राहिली तर जोडाक्षरं फुटतात, डावीकडची वेलांटी उजवीकडे जाऊन पडते. एवढं सगळं निस्तरून ती बाई सही करते, आणि तुम्ही ती बोटाने कापता!

फॉरवर्डमुळे वाचक मिळतात, मान्य. पण प्रिंट विकत घ्यायची किंवा लग्नपत्रिकेचं चित्र काढून घ्यायचं, तर लोक तिला शोधणार कसे? आणि चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं की हक्क विकले तरी 'हे माझं' म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो.

नव्याने काढणाऱ्या पोरापोरींनो, सही कोपऱ्यात नका करू रे. छत्रीच्या कापडावर करा, पुलाच्या कठड्यावर करा, कापली तर चित्रच फाटेल अशा जागी. थरांसकट (लेयर्ससकट) मूळ फाइल जपून ठेवा. भांडायची वेळ आली तर तोच पुरावा.

संध्याकाळी मी मूळ चित्र तिच्या पानाच्या लिंकसकट ग्रुपवर टाकलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी लिहिलं, 'अरेच्चा, चप्पल पुलावरच राहिली होय! आणखी आहेत का हिची?'