कॉर्सेटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर: नाडी कुठून ओढायची, कुठे थांबायचं

ताई, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉर्सेट, म्हणजे नाडीने कंबर आवळणारी ताठ चोळी, हे बायकांच्या छळाचं साधन आणि मी ते नटवून दाखवते, व्हिक्टोरिया राणीच्या काळी कंबर बारीक दिसावी म्हणून बायका बरगड्या काढून घेत, तुम्ही नाटकासाठी तयार कॉर्सेट मागवून घातलंत, तर पहिल्याच अंकात दम लागला आणि बरगडीवर वळ उठले, आणि आता माझे फोटो पाहून तुमची तेरा वर्षांची लेक गॅदरिंगसाठी तसंच हवं म्हणून हटून बसली आहे.

आधी वळांबद्दल बोलू, कारण ते उठायलाच नको होते. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीने पाठीला गुडघा लावून नाडी वरून खाली ओढत आणली आणि खालच्या टोकाला गाठ मारली. तो गुडघा जुन्या व्यंगचित्रांतला. असं ओढलं की सगळा जोर बरगड्यांवर येतो आणि कंबर सैलच राहते.

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन काळातल्या कॉर्सेटला पुढे पोलादी पट्ट्यांची जोडी असते. एकीवर बटणं, दुसरीवर त्यात अडकणाऱ्या कड्या. मागे आयलेटमधून, म्हणजे कडा पक्क्या केलेल्या भोकांतून, फुल्याफुल्यांनी ओवलेली लांबलचक नाडी. घालण्याआधी ही नाडी पुरती सैल करायची. आत सुती शेमीज, म्हणजे सैल अंतर्वस्त्र, हवीच. उघड्या अंगावर कॉर्सेट घालतच नसत. पुढच्या कड्या लावून झाल्या की मागे हात न्यायचे. कंबरेच्या रेषेवर नाडीचे दोन लांब लूप मोकळे सोडलेले असतात. वरून एकेक फुली बोटाने ओढत कंबरेपर्यंत यायचं, मग तळापासून तसंच वर कंबरेपर्यंत. जमलेली सगळी ढिलाई त्या दोन लूपमध्ये येते. ते धरून दोन्ही हातांनी सारखं, सावकाश ओढायचं आणि गाठ मारायची. एकटीला जमतं, मैत्रीण लागत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं घरात वावरायचं. अंगाच्या उबेने कापड बसतं, आणि वाटलं तरच आणखी थोडं ओढायचं. बूट मात्र आधीच घालून घ्यायचे, कारण नंतर कंबरेत वाकता येत नाही, खुब्यातून वाकावं लागतं. काढताना आधी नाडी सैल करायची, मगच पुढच्या कड्या. उलटं केलं तर पोलादी पट्टी वाकते.

मागे राहणारी फटही बघा. ती वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची हवी. वर रुंद आणि खाली चिंचोळी राहिली, तर ते कॉर्सेट तुमच्या बरगड्यांच्या मापाचं नाहीच. आवळायची ती फक्त कंबर. बरगड्यांना आणि खुब्यांना आत जागा पाहिजे. नुसत्या कंबरेच्या मापावर मागवलेलं कॉर्सेट म्हणूनच बोचतं. तेव्हा तुमचा त्रास शंभर टक्के खरा आहे, पण त्यावरून त्या काळच्या सगळ्या बायकांचा रोजचा दिवस तसाच जात असेल असं ठरवू नका.

बरगड्या काढण्याची गोष्ट मी सोडून देणार नाही. ईथरची भूल १८४६ साली आली, लिस्टर या शल्यविशारदाची जंतुनाशक पद्धत १८६७ साली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं अशी शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ होता. कंबरेसाठी कुणी ती करून घेतल्याचा पुरावा सापडलेला नाही. अतिबारीक कमरांचंही तेच. लेस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरोच्या, कॉर्सेट बनवणाऱ्या सिमिंग्टन कंपनीच्या संग्रहातली १९७ कॉर्सेट्स मोजली गेली. त्यात १८ इंचांचं एकच निघालं, १९ इंचांची अकरा, आणि बहुतेक २० ते २६ इंचांची. तेही पूर्ण मिटलेल्या कॉर्सेटचं माप. मागची फट धरली की प्रत्यक्ष कंबर त्याहून मोठीच. बाकीची करामत खुब्यांवरच्या गाद्यांची, फुगीर घागऱ्यांची आणि फोटोग्राफरच्या कुंचल्याची.

आपल्या बायकांना असला पिंजरा कधी लागला नाही, असंही तुम्ही म्हणता. साडीखालच्या परकराची नाडी घट्ट बांधली की कंबरेवर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्षानुवर्षांच्या त्या घर्षणातून त्वचेचा कर्करोग झालेल्या रुग्णांची नोंद आपल्याकडच्या डॉक्टरांनी केली आहे. अरुंद नाडीवर सगळा भार आला की असं होतं. त्या इंग्रज बायकांच्या अंगावर असे अनेक परकर आणि त्यावर जड घागरा असायचा. कॉर्सेट तो भार सगळ्या धडावर पसरवत असे. फरश्या घासणाऱ्या मोलकरणींसाठी सिमिंग्टनचं ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचं स्वस्त, मजबूत कॉर्सेट होतं, त्यात दोऱ्यांच्या रांगा भरून ताठपणा आणलेला. ते घालून बाई दिवसभर राबत होती.

मात्र ते घालायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. जीवघेणं आवळणाऱ्या बायकाही होत्या, वाढत्या वयाच्या मुलींना कॉर्सेटमध्ये घालणाऱ्या आयाही. याविरुद्ध सगळ्यात ठामपणे त्या काळच्या बायकाच बोलल्या. लंडनमध्ये १८८१ साली ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ उभी राहिली. आवळलेली कॉर्सेट्स, उंच टाचा, जड घागरे या सगळ्यांना तिचा विरोध होता. आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांवर, म्हणजे सुमारे ३.२ किलोवर जाऊ नये, असं तिचं म्हणणं. मला त्या बायकांबद्दल फार आदर आहे.

आता लेकीबद्दल. तिला कॉर्सेट देऊ नका. वाढत्या अंगाला कसलीही आवळणारी गोष्ट नको, आणि या बाबतीत मी तिची बाजू घेणार नाही. त्याऐवजी ‘लिबर्टी बॉडिस’ शिवून द्या. सिमिंग्टननेच १९०८ साली बाजारात आणलेली ही मऊ, विणलेल्या कापडाची बंडी. ताठपणासाठीच्या काड्या नाहीत, पोलाद नाही, मागे नाडी नाही. उभ्या सुती पट्ट्या शिवलेल्या आणि पुढे बटणं. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज मुलांनी ती घातली. स्टेजवर झग्याखाली ती घातली तर पाठ सरळ दिसते आणि नाचताही येतं. तिची छाती, कंबर, खुबे आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंतची पाठ अशी चार मापं घेऊन ठेवा. बेतण्याची रीत मी पुढच्या लेखात चित्रांसह देते आहे. कापड होजियरीचंच घ्या, जाडसर, आणि शिवण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्या.