आधी मोठ्यांची शाखा, मग मुलांचं पथक

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेऊ, असंही ते म्हणाले. तेव्हापासून सोलापूरच्या आमच्या मित्रमंडळींत वाद पेटलेला आहे. एक म्हणतो, पोरांना शिस्त लागलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, सहा वर्षांच्या लेकराला कवायत कशाला? इंग्लंडमधून फोनवर मीही त्यात पडतो.

आता हा नुसता वाद राहिलेला नाही. आमच्या भागातली प्रथमोपचार स्वयंसेवकांची शाखा कित्येक वर्षं कुलपात होती. ती चार-पाच जणांनी झाडून-पुसून पुन्हा उघडली आहे आणि तिथून मुलांचं कॅडेट पथक काढायचं ठरतंय. गणवेशाच्या कापडाचे नमुनेही आलेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कापड थोडं थांबू द्या, आधी मोठी माणसं गोळा करा.

मी राहतो त्या गावात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थेचं मुलांचं कॅडेट पथक आठवड्यातून एका संध्याकाळी भरतं. या संस्थेची अशी पथकं इकडे १९२२ पासून आहेत, दहा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. एकदा तिथे बघत उभा होतो. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर दाब देत होती, हृदय बंद पडलेल्या माणसाला देतात तसा. मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. तिचं कोपर वाकलं की शेजारचा मुलगा हळूच बोट लावून सरळ करायचा. रांगेत उभं राहणं होतं, पण थोडकं.

हे सगळं उभं असतं मोठ्यांच्या जिवावर. नोकरी सांभाळून येणारी साधी माणसं असतात. गुन्हेगारी नोंदींची तपासणी झाल्याशिवाय त्यांना मुलांचं काम देत नाहीत, आणि हा नियम सोलापुरात पहिल्या दिवसापासून हवा, ओळखीचा माणूस असला तरी. मोठे कमी पडले की काय होतं तेही इकडे दिसतं. स्काऊटमध्ये मुलं प्रतीक्षायादीत ताटकळतात, कारण शिकवायला माणसं नाहीत.

सोलापूरच्या पोरांना शिस्त नाही, हे मला मुळीच पटत नाही. गणपतीच्या आधी मंडळांचा लेझीमचा सराव बघा. हलगीवर शंभर पावलं एकदम पडतात. सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलणारे किती आधीपासून सराव करतात! ज्यांना कवायत हवी त्यांना एनसीसी आहेच. पण ती आठवीपासून, आणि तुकडी असलेल्या शाळेतच. यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला तिथे जागा नाही. आपलं पथक तिच्यासाठी हवं.

आणि तिला शिकवण्यासारखं कितीतरी आहे. आपल्याकडे फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. अपघातात बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. पारा ४३-४४ वर गेल्यावर भोवळ येऊन पडलेल्याला सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा, हे दहा वर्षांचं मूल करू शकतं. पोलिसांच्या लचांडात कोण पडणार म्हणून लोक जखमीला हात लावत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्यामुळे जखमीला मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे घरी जाऊन आईवडिलांना सांगणारी मुलं मला हवी आहेत.

माजी सैनिक आले तर आनंदच आहे. रक्त थांबवणं त्यांना माहीत असतं. फक्त शिट्टीपेक्षा पट्टी आधी हातात घ्या.

सरावाचे पुतळे, पट्ट्या, प्रशिक्षकाचं मानधन, एवढं आम्ही इकडची मंडळी नक्की उचलू. पण दर आठवड्याला शाखेचं कुलूप उघडायला आम्ही येऊ शकत नाही. म्हणून मित्रांनो, येत्या महिन्यात फक्त मोठ्यांचं प्रशिक्षण घ्या. दोन वर्षं एक संध्याकाळ देईन, असं म्हणणारे दहा जण जमेपर्यंत मुलांची नावं लिहून घेऊ नका. आणि सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, तेलुगू बोलणारी एखादी निवृत्त नर्स असेल, तर सगळ्यांत आधी तिच्या घरी जा.