ॲपच्या आत उघडलेलं पेज म्हणे सेफ! कोणी सांगितलं?

मुलुंडला मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, वर तीन सायरनवाले इमोजी आणि "सायबर एक्स्पर्टचा सल्ला". मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "म्हणजे आता लाईटबिल त्या कूपनवाल्या ॲपमधूनच भरू ना रे?" नको गं बाई. हाच मेसेज अंधेरीला आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला, आणि तिथे दिवसभर कोड लिहिणाऱ्या लोकांनी त्याला अंगठे दिले, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो की कुठलीही लिंक ॲपच्या आतच उघडा, बाहेर क्रोममधे नको, तिथे व्हायरस येतो. आणि ॲपच्या आत सेफ का, तर कुलूप दिसतं, पासवर्डच्या जागी टिंबं येतात, ओटीपीचं पेज वेगळ्या फ्रेममधे असतं त्यामुळे ॲपला आतलं दिसत नाही, पत्त्यात बँक डॉट इन असतं, आणि यूपीआय पिन तर कोणालाच कळत नाही.

ॲपच्या आत जे पेज उघडतं ते बऱ्याचदा वेबव्ह्यूमधे उघडतं, म्हणजे ॲपवाल्याने स्वतःच्या ॲपमधे बसवलेला छोटा ब्राउझर. पेज बँकेचं, पण ब्राउझर ॲपवाल्याच्या ताब्यात. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर अर्धा मेसेज आपोआप गळून पडतो.

कुलूप घ्या. त्याचा अर्थ पेज एचटीटीपीएसवर आहे, म्हणजे पाठवलेलं सगळं कुलूपबंद जातं, आणि ते तुमचा फोन आणि बँकेचा सर्व्हर यांच्या मधल्या रस्त्याची काळजी घेतं. तुम्ही फॉर्ममधे टाइप करताय तेव्हा ते अजून रस्त्याला लागलेलंच नसतं. टिंबांचं तर बोलूच नका, ती शेजारी उभ्या माणसासाठी असतात. स्क्रिप्टने, म्हणजे पेजमधे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, त्या रकान्यात काय आहे ते मागितलं की पासवर्ड जसाच्या तसा हातात येतो, टिंबं-बिंबं काही नाही.

आता ती फ्रेमवाली थाप, कारण ऑफिसमधल्या शहाण्यांना नेमकी तीच पटली. ती अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त डोक्यात जाते. ब्राउझरमधे सेम ओरिजिन पॉलिसी असते, नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून, १९९५ पासून. एका साइटच्या पेजमधे दुसऱ्या साइटची आयफ्रेम, म्हणजे पेजमधे बसवलेलं दुसरं पेज, असेल तर बाहेरच्या पेजला आतला फॉर्म वाचता येत नाही, थेट एरर येतो. हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण हा नियम पेज आणि पेज यांच्यातला आहे. ज्या ॲपने तो ब्राउझर बसवलाय ते ॲप या नियमाच्या बाहेर आहे. गिरगावातल्या चाळीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत डोकावता येत नाही हो, पण मालकाकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतील तर त्याचं काय?

आयफोनच्या वेबव्ह्यूमधे स्क्रिप्ट घालताना "फक्त मुख्य फ्रेममधे का?" असा हो-नाहीचा एक पर्याय असतो. तिथे "नाही" निवडलं की स्क्रिप्ट प्रत्येक फ्रेममधे जाते, फ्रेम कुठल्याही साइटची असो. अँड्रॉइडमधे ॲपचा ऑब्जेक्ट, म्हणजे ॲपच्या कोडचा एक तुकडा, पेजमधे चालणाऱ्या जावास्क्रिप्टला जोडून द्यायची सोय आहे, आणि तो सगळ्या फ्रेममधे जातो, आयफ्रेमसकट, असं अँड्रॉइडच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलंय.

तरी ऑफिसमधे एकाचा हट्ट चालूच, म्हणून त्याच्यासमोर एक टुकार ॲप बनवलं. मुख्य पेज एका डोमेनवर, लॉगिनचा फॉर्म दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधे. आधी पेजमधूनच आतलं वाचायला गेलो, एरर. मग ॲपमधून साधी स्क्रिप्ट चालवली, ती मुख्य फ्रेममधेच चालते त्यामुळे परत एरर, आणि हा लगेच "बघ, म्हटलं नव्हतं?" मग पेज लोड होतानाच सगळ्या फ्रेममधे स्क्रिप्ट घालणारी जी सोय आहे ती वापरली, कुठलंही डोमेन चालेल म्हणून डोमेनच्या जागी * टाकलं, आणि पासवर्डच्या रकान्यात "कांदेपोहे" टाइप केलं. फोनवर टिंबं येत होती आणि लॅपटॉपवर लॉगमधे एकेक अक्षर वाढत चाललेलं. ओटीपीचा रकाना काय वेगळा असतो?

आणि हे माझ्या टुकार ॲपवर विश्वास ठेवून मानू नका. आरएफसी ८२५२ नावाचा इंटरनेटवरच्या चांगल्या पद्धती सांगणारा अधिकृत दस्तऐवज आहे, ऑक्टोबर २०१७ चा, मोबाइल ॲपमधे लॉगिन कसं करावं यावर. त्यात स्पष्ट लिहिलंय की अशा आत बसवलेल्या ब्राउझरमधे ॲप लॉगिन फॉर्ममधे दाबलेली कीबोर्डची प्रत्येक कळ नोंदवू शकतं, तुमच्या संमतीचा फॉर्म स्वतःच सबमिट करू शकतं, आणि सेशनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या खुणा) कॉपी करून तुमच्या नावाने कामं करू शकतं. गूगलने २०१७ पासूनच आपलं लॉगिन वेबव्ह्यूमधे बंद करायला घेतलं, उगाच नाही.

ऑगस्ट २०२२ मधे फेलिक्स क्राउझ या संशोधकाने दाखवलं होतं की टिकटॉकच्या आतला ब्राउझर बाहेरच्या साइटवर कीबोर्डची कळ दाबल्याचं टिपू शकेल असा कोड घालतो. कंपनी म्हणाली की तो डीबगिंगसाठी, म्हणजे चुका शोधायला, आहे, माहिती गोळा करत नाही. क्राउझनेही चोरी झाली असं म्हटलं नव्हतं, कोड आहे एवढंच दाखवलं. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, वेबव्ह्यू नाही.

बँक डॉट इन बद्दल, रिझर्व्ह बँकेने २०२५ मधे बँकांना त्या डोमेनवर जायला सांगितलं हे खरंय आणि चांगलंच केलं. पण वेबव्ह्यूमधे वरची पत्त्याची पट्टी ॲपवालाच काढतो, तो तिथे काहीही लिहील. आणि पत्ता खरा असला तरी फॉर्म वाचला जायचा तो जातोच.

यूपीआय पिनचं बरोबर आहे, घ्या. तो यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या स्वतःच्या स्क्रीनवर टाकला जातो, वेबपेजच्या फॉर्ममधे नाही. आणखी एक, काही ॲप लिंक वेबव्ह्यूऐवजी क्रोमच्या कस्टम टॅबमधे किंवा आयफोनवर सफारीच्या तसल्याच खिडकीत उघडतात, तिथे ॲपला आतला फॉर्म दिसत नाही. पण दिसायला दोन्ही सारखंच असू शकतं, मावशीने कसं ओळखायचं?

त्यामुळे "बाहेर क्रोममधे उघडू नका" हे वाक्य मला सगळ्यात घाणेरडं वाटतं, कारण सुटायची जी वाट आहे तीच बंद करायला सांगताय. तीन टिंबांच्या मेनूत "ब्राउझरमधे उघडा" असेल तर ते दाबा, पण लिंकच संशयास्पद असेल तर ती कुठेच उघडू नका, बँकेचा पत्ता ब्राउझरमधे स्वतः टाइप करा. आधीच कुठल्या भलत्या ॲपमधे लॉगिन करून बसला असाल तर ब्राउझरमधून पासवर्ड बदला, आणि नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" पण करा, कारण कॉपी केलेली कुकी काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालत राहते.