महेश्वरी म्हणून विकली, तर महेश्वरीच हवी

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: साडी दुकानात उलगडून पाहून घेतली असेल आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले असेल, तर ती पुढे यंत्रमागाची निघाली तरी दुकानदाराला जाब विचारता येत नाही, तोंडी सांगण्याला तर कायद्यात किंमतच नाही.

यातला पाहून घेण्याचा मुद्दा वरवर पटतो. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांची जबाबदारी विक्रेत्यावर गृहीत धरली जात नाही, असे मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये खरोखरच आहे. मात्र ही सूट मालाच्या विक्रीयोग्य दर्जापुरती आहे. माल सांगितलेल्या वर्णनाशी जुळला पाहिजे, असे सांगणारे कलम १५ वेगळे असून त्यात तपासणीचा अपवाद नाही. उलट, माल दाखवलेल्या नमुन्याशी जुळला तरी वर्णनाशी जुळत नसेल तर तेवढ्याने भागत नाही, असे ते स्पष्ट सांगते. सीतलामाता बाजारात ‘हातमागाची महेश्वरी, रेशमी ताणा, सुती बाणा’ म्हणून घेतलेल्या साडीच्या पदरावरचा ठळक डाग घरी आल्यावर दिसला, तर तक्रार लंगडी पडेल. पण धागा रेशमाचा की पॉलिस्टरचा, माग हाताचा की यंत्राचा, हे नुसत्या नजरेने ठरवणे जाणत्यालाही जड जाते, आणि तिथे गिऱ्हाईक विक्रेत्याच्या शब्दावर विसंबूनच पैसे मोजते.

बिलावरच्या ओळीबाबत अर्धे सत्य असे की, गृहीत अटी, म्हणजे न लिहिताही कायदा विक्रीत धरून चालतो अशा अटी, आपसांतल्या कराराने वगळण्याची मुभा १९३० च्या अधिनियमाचे कलम ६२ देते. परंतु व्यवहार ठरल्यावर हाती पडलेल्या कागदाच्या तळाशी छापलेल्या ओळीला असा करार म्हणणे अवघड आहे. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या संज्ञेत विक्रेत्याने केलेल्या दाव्याच्या मानाने आढळणारी उणीवही येते, आणि बिलात मुदत नसल्यास सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तोंडी खोटे वर्णनही त्याच अधिनियमाच्या कक्षेत येते. ते सिद्ध करणे मात्र कठीण, म्हणून ‘हातमाग’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा.

रंग नंतर आवडला नाही, एवढ्यावर यांतले काहीच लागू होत नाही. साडी स्वीकारून बरेच दिवस ठेवून घेतली, तर १९३० च्या अधिनियमाखाली सहसा ती परत करता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे पुण्याहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांना त्यासाठी इंदूरला खेपा घालाव्या लागत नाहीत.