‘शून्य पाण्याच्या बागे’ची थाप

‘दुष्काळ सोसणारी झाडे लावा, भोवती टाकाऊ वस्तू रचा आणि पाण्याची झारी अडगळीत टाका’ असे सांगणारा 5 कलमी संदेश सध्या फिरत आहे. माझ्या आत्याने तो शब्दशः पाळला आणि नवी झुडपे दीड महिन्यात वाळून गेल्यावर ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असे म्हणून दोष स्वतःकडे घेतला. तो दोष तिचा नाही, हे दाखवण्यासाठी हा प्रतिवाद.

‘अशा झाडांना पहिल्या दिवसापासून पाणी लागत नाही’ हे पहिले कलम सर्वांत बेजबाबदार आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची मुळे कुंडीच्या आकाराच्या गोळ्यातच अडकलेली असतात. ती भोवतालच्या जमिनीत खोल पसरेपर्यंत, म्हणजे निदान पहिले वर्षभर, कोरड सोसण्याची त्याची क्षमता बहुतांशी कागदावरच राहते. या काळात वरवर शिंपडण्याऐवजी आळे करून, अंतराने पण भरपूर पाणी द्यावे लागते. झाडे रुजल्यानंतरही पाणी शून्यावर येईलच असे नाही. अमेरिकेतील लास वेगासच्या वाळवंटी परिसरातील घरांच्या बागांचा अनेक वर्षे अभ्यास करून सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटी या तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने 2005 मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार हिरवळीला वर्षाकाठी दर चौरस फुटाला 73 गॅलन पाणी लागत होते, तर कमी पाण्याच्या बागेला 17.2 गॅलन. बचत 76 टक्क्यांची, म्हणजे कोणालाही हेवा वाटावा अशी, तरीही 17.2 गॅलन म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 700 लिटर होतात, आणि ते कोणीतरी नळ उघडून दिलेले असतात.

भाजीच्या वाफ्याला रेल्वे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची कड लावण्याचा सल्ला तर घातकच म्हणावा लागेल. हे लाकूड कुजू नये म्हणून बहुधा क्रिओसोटमध्ये मुरवलेले असते. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले हे द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले असून, उन्हात तापलेल्या स्लीपरमधून ते पाझरताना दिसते. जुन्या टायरमधूनही जस्त आणि इतर रसायने हळूहळू मातीत उतरतात, त्यामुळे त्यांत खाण्याची भाजी लावू नये.

खडीखाली अखंड प्लास्टिक अंथरण्याचा सल्लाही चुकीचा, कारण त्यामुळे पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचण्याऐवजी वाहून जाते. पालापाचोळ्याचे आच्छादन त्याहून बरे. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर दिल्यानेही निचरा सुधारत नाही, उलट ओलीचिंब माती मुळांच्या अधिक जवळ येते.

बांधकामाचा राडारोडा बागेत वापरा, हे पाचवे कलम मात्र नाइलाजाने अर्धे मान्य करतो. फुटक्या विटा आणि काँक्रीटचे तुकडे पायवाटेला किंवा उतारावरच्या बुटक्या बांधाला खरोखरच उपयोगी पडतात. फक्त सिमेंटचा चुरा मातीत मिसळू देऊ नये, कारण त्याने माती अल्कधर्मी होते, आणि आम्लधर्मी मातीत वाढणारी झाडे त्या बांधाला लागून लावू नयेत.