साहेब म्हणे तंगडी तोड

अमळनेरला घरी बसून पुण्याचा पगार घेतो म्हणून मित्रांना माझा हेवा वाटतो. त्यांनी माझ्या टीम लीडचं बोलणं ऐकलेलं नाही. क्लायंट लंडनचा, त्यामुळे या माणसाच्या तोंडात दहा वाक्यांमागे सात इंग्रजी म्हणी. त्यात माझा हेडफोन खराब, डाव्या कानात नुसती खरखर, म्हणून सगळे कॉल स्पीकरवर. आणि आमच्या घरात स्पीकर म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. आई गच्चीवर बिबड्या टाकून खाली पंख्याखाली बसलेली असते आणि भुसावळहून आलेले मामा, रेल्वेतून रिटायर, न विचारता भाषांतर करतात.

डेमोच्या दिवशी लीड म्हणाला, ब्रेक अ लेग!

मामांनी लगेच आईला सांगितलं, "साहेब म्हणतोय, तंगडी तोड."

आई घाबरून आत आली, "कोना पाय मोडना रे?"

मग डेमो राहिला बाजूला, आधी आईला समजावत बसलो की ही नाटकवाल्यांची पद्धत आहे, स्टेजवर जाताना चांगलं बोललं की उलटं होतं असं ते मानतात म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. मला वाटलं हसेल. तिला ते एका मिनिटात पटलं. आपण पण निघताना जातो नाही म्हणत, येतो म्हणतो, बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. फक्त तिची एक शंका होती, आपण गोड बोलून वाईट टाळतो आणि हे लोक वाईट बोलून, असं उलटं का? मला उत्तर आलं नाही. पाय शाबूत राहिला, डेमोच्या मध्येच लाईट मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी लीडचा मेसेज, नाऊ द बॉल इज इन युअर कोर्ट. मी चुकून मोठ्याने वाचला. आमच्याकडे कोर्ट म्हटलं की बांधाची केस, मामांचा चेहराच पडला. "काय भो, तारीख कधीची आहे?" टेनिसचं कोर्ट आहे हो मामा, चेंडू आपल्या बाजूला आलाय, आता आपण मारायचा, एवढंच. त्यावर मामा म्हणे मग सरळ सांगावं ना, आता तू बघ म्हणून. बरोबर आहे त्यांचं.

पण खरा घोळ केळ्यांनी केला. रिपोर्टला उशीर झाला तेव्हा लीड ओरडला, द क्लायंट विल गो बनानाज! म्हणजे क्लायंट पिसाळेल. मामांना फक्त क्लायंट आणि बनाना ऐकू आलं, ते सरळ माइकपाशी आले, "साहेब, जळगावच्या केळीला 2016 ला जीआय टॅग मिळालाय, रावेरला माझे साडू आहेत, किती बॉक्स पाठवू?"

पलीकडे शांतता. मग लीडने विचारलं, हू इज धिस?

मी म्हटलं, व्हेंडर, सर.

अर्थ कळल्यावर मामा दोन दिवस नाराज होते. एवढ्या शहाण्या फळावर वेडेपणाचा शिक्का मारायचा म्हणजे काय, आपल्याकडे लोकांची लग्नं केळीच्या पैशांवर झाली.

इंग्रजीत मुसळधार पाऊस आला की कुत्री-मांजरी पडतात म्हणतात, त्याला मात्र आम्ही हसलो नाही. मुसळधार म्हणणाऱ्यांनी कुणाला हसावं? तिकडे निदान कुत्र्या-मांजरांवर भागतं, आपल्याकडे मुसळं डोक्यात पडतात.

आणि आता ताजं प्रकरण. मी सुट्टी मागितली तर लीड खुशीत येऊन म्हणाला, यू टेक लीव्ह वन्स इन अ ब्लू मून! म्हणजे क्वचितच. मी जरा शोधलं, तर एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात, साधारण अडीच वर्षांनी येते. अडीच वर्षं वाचल्यावर मी थेट कालनिर्णय काढलं. आपला धोंड्याचा महिना पण साधारण तेवढ्यानेच येतो! 2023 च्या ऑगस्टमध्ये ब्लू मून होता, त्याच वर्षी अधिक श्रावण होता. यंदा 2026 ला अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, आणि 31 मेला ब्लू मून. चंद्र तोच आहे हो, फक्त तिकडे त्याची म्हण झाली आणि इकडे जावयाला अनारसे.

शिरपूरहून सासूबाईंचा फोन येऊन गेलाय, तेहतीस अनारसे, दिवा, चांदीचं काहीतरी. मग लीडचेच शब्द धरले आणि रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ब्लू मून.

आज एचआरचं उत्तर आलं. गेट वेल सून म्हणतायत, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा.