सीआरपी नॉर्मल आला म्हणून फुप्फुसे शाबूत ठरत नाहीत

‘रक्तातील सीआरपी (दाह दाखवणारा घटक) नॉर्मल असेल तर तुमची फुप्फुसे स्वच्छ आहेत आणि विडी-सिगारेट तुम्हाला बाधत नाही, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे, धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी (श्वासनलिकांत अडथळा आणणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) होतोच, सात दिवस गूळ-हळदीचा काढा घेतला की निकोटिन निघून जाते, आणि जुनी सवय उतारवयात सोडणे धोक्याचे असते.’ अशा आशयाचा संदेश सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरत आहे. माझ्या मामांनी तो वाचून तपासणी करून घेतली, रिपोर्टमधील सीआरपीच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केला, त्याचा फोटो सर्वांना पाठवला आणि कष्टाने कमी केलेली विडी पुन्हा पूर्ववत सुरू केली. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कोठेही दाह (सूज) असला, मग तो हिरडीचा असो वा सांध्याचा, तरी ते वाढते. ते वाढले म्हणून फुप्फुस बिघडले असे म्हणता येत नाही, तसेच ते वाढले नाही म्हणून फुप्फुस शाबूत आहे असेही म्हणता येत नाही. ‘एक्लिप्स’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीओपीडीच्या १,७५५ रुग्णांच्या रक्तातील सहा दाहनिर्देशक तपासले गेले: पांढऱ्या पेशी, सीआरपी, फायब्रिनोजेन, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३० टक्के रुग्णांच्या रक्तात दाहाचा पुरावा आढळला नाही, तर १६ टक्क्यांमध्ये दाह वर्षभरानंतरही टिकून होता; आणि या दोन्ही गटांतील फुप्फुसांचा बिघाड मात्र सारखाच होता. म्हणजे आजार निश्चित झालेल्या दर दहांपैकी तिघांचे रक्त या सहाही कसोट्यांवर निर्दोष दिसत होते. मामांनी त्या सहांपैकी एकच कसोटी लावली आणि तेवढ्यावर फुप्फुसांचा निकाल लावला.

त्यात धूम्रपानाचा गुंता वेगळाच आहे. त्याच अभ्यासात इंटरल्युकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा हे दोन निर्देशक सीओपीडीच्या रुग्णांपेक्षा फुप्फुसांची क्षमता अजून शाबूत असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये अधिक आढळले. धूर स्वतःच रक्तातील आकडे हलवतो, आणि तेही एकाच दिशेने नव्हे: फायब्रिनोजेन वाढते, तर श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी तयार करतात ते सीसी-१६ हे संरक्षक प्रथिन घटते. ‘आकडा कमी तेवढे बरे’ हा सरधोपट नियम येथे चालतच नाही.

रक्ततपासण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. सीओपीडीच्या रुग्णात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दर मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक असतील तर श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडचा लाभ होण्याची शक्यता जास्त, आणि १०० पेक्षा कमी असतील तर ती फारच थोडी. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुप्फुसांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनाची आनुवंशिक कमतरताही रक्तातूनच कळते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये फायब्रिनोजेनला मान्यता दिली, ती औषधचाचण्यांसाठी अधिक जोखमीचे रुग्ण निवडण्यापुरती. यांपैकी एकही तपासणी विडी ओढण्याचा परवाना देत नाही.

सीओपीडीचे निदान स्पायरोमेट्रीनेच होते. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन तो जोराने सोडायचा आणि तंत्रज्ञ ‘फुंका, अजून फुंका’ म्हणत राहील तोवर फुंकत राहायचे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर श्वासनलिकांत कायमचा अडथळा आहे. एवढ्या साध्या तपासणीला लूट म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ आणि लहानपणीचे श्वसनविकार यांमुळे आपल्याकडे विडीला कधी न शिवलेल्या अनेक स्त्रियांना तो जडला आहे. परंतु त्यावरून विडी निर्दोष कशी ठरते? चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईचा दाखला विडी ओढणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी वापरावा, याचा मला संताप येतो.

काढ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. निकोटिन काढ्याविनाही काही दिवसांत शरीराबाहेर जाते. फुप्फुसांतील नष्ट झालेले वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) मात्र कोणत्याही काढ्याने परत येत नाहीत.

उतारवयात विडी सोडू नये, हा सल्ला तर सरळ जिवावर उठणारा आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’मध्ये सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षे मागोवा घेतला गेला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांची एका सेकंदात हवा सोडण्याची क्षमता दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटली, तर कायमचे सोडणाऱ्यांची ३० मिलिलिटरने. स्त्रियांमध्ये हेच आकडे ५४ आणि २२ होते. गेलेली क्षमता विडी सोडल्याने भरून येत नाही, पण उरलेली अधिक काळ पुरते. सोडल्यानंतर पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप उडते, काहींचा खोकलाही वाढतो. ही लक्षणे ओसरतात, आणि तेवढ्या काळापुरता निकोटिनच्या च्युइंगगमचा किंवा औषधांचा आधार डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे. ज्या ग्रुपवर हा संदेश आला असेल, तेथे त्याखाली किमान हा क्रमांक तरी टाका.